पाठीचे पाणी जोखताना

गेल्या दिवाळीत आमच्याकडच्या चकल्या तेलात विरघळल्या. आमच्या आत्याला जे ओळखतात त्यांना एवढ्या एका वाक्यावरून पुढची सारी कथा उमजावी. भाजणीचे प्रमाण तिने आयुष्यात कधी कागदावर उतरवले नव्हते. चार वाट्या तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक उडदाची, हे तिच्या हातालाच पाठ होते. आणि शेजारच्या चार बिऱ्हाडांच्या भाजण्याही तिच्या देखरेखीखाली होत. त्या दिवशी तिने पिठात कडकडीत तेलाचे मोहन दोनदा घातले. पहिल्यांदा घातल्याचे तिला आठवतच नव्हते. कढईतला तो गाळ पाहून ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "यंदा तांदूळच बरा नव्हता."

आम्ही सगळे हसलो. त्या हसण्याची आता शरम वाटते. पण वाचकहो, तुमच्याही घरी असेच हसू उठले असते. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, एखादे वेळी विसरायचीच! लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मात्र पणत्या लावता लावता तिने मला विचारले, "दादा अजून कसा आला नाही रे?" दादा म्हणजे माझे वडील, तिचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. मग कोणी हसले नाही.

मी मराठीचा मास्तर. शब्दांखेरीज दुसरी पुंजी जवळ नाही. त्या रात्री झोप येईना तेव्हा मनाशी शब्दच मोजत बसलो. साठी बुद्धी नाठी, म्हातारचळ, भ्रमिष्ट, चळलेला. म्हातारपणच्या विस्मरणाला आपल्या भाषेत शब्द भरपूर आहेत, पण सारे चिडवण्याचे नाहीतर वैतागण्याचे. आजाराचे नाव म्हणून त्यातला एकही चालत नाही. 'स्मृतिभ्रंश' हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे खरा, पण तिथे तो क्रोधाच्या पोटी येतो. वैद्यकाने तो अलीकडे उचलला. नाव नव्हते म्हणून आपण आजाराला स्वभाव समजत आलो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की, साठीपुढच्या भारतीयांत शेकडा ७.४ जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, हा विकार आहे. एवढ्या माणसांना म्हातारचळ लागला असे म्हणून भागायचे नाही.

दिवाळी उलटल्यावर मी आणि माझा आतेभाऊ आत्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. आतेभावाची अपेक्षा अशी की, मेंदूचा एक मोठा फोटो काढतील आणि त्यावर बोट ठेवून आजार दाखवतील. डॉक्टरांनी हाती दिली ती रक्ताच्या तपासण्यांची साधी यादी. साखर, सोडियम, यकृत, मूत्रपिंड, थायरॉईड, बी-१२ जीवनसत्त्व. "एवढ्यासाठी इथवर कशाला यायचं?" आतेभाऊ बाहेर आल्यावर पुटपुटला. पण डॉक्टरांचे म्हणणे मला पटले. विस्मरण म्हणजे सगळ्यांच्या सगळ्या वेळी मेंदूची झीजच असते असे नव्हे. थायरॉईड मंदावली तरी माणूस मंद होतो. रक्तातले सोडियम उतरले तरी बरळतो. आणि बी-१२ कमी पडले तर स्मरण आणि पायांतली जाणीव दोन्ही जातात. हे जीवनसत्त्व वनस्पतींपासून मिळत नाही. शाकाहारी माणसाची मदार असते दुधादह्यावर. त्यात उतारवयात पोटाला ते नीट शोषता येत नाही, आणि मधुमेहाची एक नेहमीची गोळी वर्षानुवर्षे घेतल्यानेही ते घटते. जे औषधाने परतवता येईल ते आधी शोधायचे, हा या तपासण्यांचा सरळ हिशेब.

आत्याचे बी-१२ चांगलेच खाली निघाले. आम्हाला सुटल्यासारखे झाले. इंजेक्शने झाली, पायांच्या मुंग्या गेल्या, चेहऱ्यावर तजेला आला. दोन महिन्यांनी एका दुपारी ती मला म्हणाली, "दादाला सांग, गाडी उशिरा असली तर जेवूनच नीघ म्हणावं."

डॉक्टरांनी मग पाठीतले पाणी काढून तपासावे असे सुचवले, आणि आमच्या घरात जी वादावादी झाली ती सांगण्याआधी थोडे जुन्या काळात जाऊन यायला हवे. हे पाणी तपासायचे कशासाठी, हे त्यावाचून कळणार नाही.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतल्या फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात एका रेल्वे कारकुनाने आपल्या बायकोला दाखल केले. तिचे नाव आउगुस्टं डेटर, वय ५१. आलोइस आल्त्सहायमर नावाच्या डॉक्टरने तिला प्रश्न विचारले आणि उत्तरे शब्दशः टिपून ठेवली. नाव काय? तिने आपले नाव सांगितले. आडनाव? पुन्हा तेच नाव. नवऱ्याचे नाव? जरा विचार करून पुन्हा तेच. जेवणात तिच्या पुढ्यात फुलकोबी आणि डुकराचे मांस होते. काय खातेस विचारल्यावर म्हणाली, पालक. स्वतःचे नाव लिहायला सांगितले तर 'श्रीमती' एवढे लिहून हात थांबला. ते टिपण पुढे हरवले आणि १९९५ साली फ्रांकफुर्टच्याच दप्तरात सापडले. मी त्याची हकीकत वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती जर्मन बाई येईचना. चकलीच्या कढईपाशी उभी असलेली आत्या दिसत होती.

डेटरबाई १९०६ च्या एप्रिलमध्ये वारली. आल्त्सहायमर तोवर म्यूनिकला गेला होता. त्याने तिचा मेंदू मागवून घेतला, त्याचे पातळ काप केले, चांदीच्या क्षाराने रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पेशींच्या आत दोऱ्यांचा गुंता आणि पेशींच्या बाहेर कसल्यातरी पदार्थाच्या गुठळ्या, अशा दोन गोष्टी त्याला दिसल्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ट्यूबिंगेनच्या सभेत त्याने हे सांगितले, तेव्हा श्रोत्यांतून एकही प्रश्न आला नाही म्हणतात. १९१० मध्ये त्याचे वरिष्ठ क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला त्याचे नाव दिले.

इथे एक योगायोग नोंदवल्यावाचून राहवत नाही. त्याच १९०६ साली वासरमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उपदंशाची रक्तपरीक्षा काढली. त्या काळी युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत उपदंश मेंदूत शिरून बुद्धी गेलेल्यांची गर्दी असे. ती परीक्षा आली आणि त्या गर्दीतला एक मोठा गट निराळा काढता आला; पुढे पेनिसिलिन आले आणि तो आजारच मागे हटला. एका भ्रंशाला प्रयोगशाळा मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही. आल्त्सहायमरच्या आजाराची खात्री करायची तर माणूस मरावा लागे. जवळजवळ सारे विसावे शतक असेच गेले.

ते बदलले पाठीच्या पाण्याने. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती एक स्वच्छ द्रव खेळत असतो, सुमारे १५० मिलिलिटर. शरीर रोज जवळपास अर्धा लिटर नवा द्रव तयार करते, म्हणजे दिवसातून तीनदा तरी पाणी बदलते. कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून तो काढण्याची रीत क्विंके या जर्मन डॉक्टरने १८९१ मध्येच घालून दिली होती. गुठळ्या ज्या प्रथिनाच्या असतात त्याला आमिलॉईड म्हणतात. ते १९८४ मध्ये ओळखले गेले. गुंता असतो टाऊ नावाच्या प्रथिनाचा. ही दोन्ही पाण्यात मोजता येऊ लागली ती १९९० नंतरच्या दशकात.

आणि गंमत पाहा. आजार असला तर पाण्यातले आमिलॉईड वाढत नाही, उतरते! मोरीच्या जाळीत भाताची शिते अडकून बसली की खाली वाहणाऱ्या पाण्यात ती दिसत नाहीत, तसेच हे. ज्याची मेंदूत रास पडली ते पाण्यात उतरणार कुठून? टाऊ मात्र वाढते. म्हणून एक आकडा खाली आणि दुसरा वर, अशी जोडी जुळली म्हणजे डॉक्टर मान हलवतात. या आमिलॉईडची आणखी एक खोड म्हणजे ते काचेला आणि काही जातीच्या प्लॅस्टिकला चिकटते. चुकीच्या नळीत पाणी धरले तर नळीच ते खाऊन टाकते आणि निरोगी माणूस कागदावर रोगी ठरतो. म्हणून ठरावीक जातीची प्लॅस्टिकची नळी लागते.

आमच्याकडे भांडण झाले ते निराळ्याच गोष्टीवरून. आतेभावाची पहिली भीती सर्वांचीच असते, ती म्हणजे सुईने बाई लुळी पडली तर? डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवले की, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली सुई जाते. पुष्कळांना नंतर डोके दुखते, क्वचित दोन-चार दिवस पडून राहावे लागते. ही भीती शमली तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. तो म्हणाला, "तपासा. पण आईला काही सांगायचं नाही. अशक्तपणाचं पाणी काढतोय म्हणायचं. निकाल माझ्या हातात द्या."

डॉक्टर म्हणाले, "सुई तुमच्या पाठीत जायची नाहीये."

तो रागावून बाहेर गेला. माझे मन खरे तर त्याच्याकडेच झुकत होते. आपल्या घरांतून दुखणे झाकून ठेवणे ही मायेचीच एक रीत आहे. बाहेरच्या बाकावर आमच्याशेजारी एक निवृत्त गृहस्थ बसले होते. उजवा हात सारखा थरथरत होता आणि त्या हातातले वर्तमानपत्र पिंपळासारखे सळसळत होते. त्यांनी होऊन सांगितले, "पार्किन्सन. मला लपवायची सोयच नाही बघा, पेपर चुगली करतो."

त्यांच्या आजाराचेही आता पाणी जोखता येते, आणि ती रीत आपल्या बायकांना समजावून सांगायची गरज नाही. पार्किन्सनमध्ये मेंदूतले एक प्रथिन वाकडे होते, आणि वाकडे झालेले सरळांना वाकडे करते. हे तर विरजण! भांडेभर दुधात चमचाभर दही घातले तर सारे दूध दही होते. दही घातले नाही तर होत नाही. प्रयोगशाळेत त्या प्रथिनाचे सरळ 'दूध' घेतात, त्यात रोग्याच्या पाठीच्या पाण्याचा अंश टाकतात, आणि लागते की नाही ते पाहतात. लागले तर पाण्यात विरजण होते. १,१२३ जणांवर केलेली या परीक्षेची पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पार्किन्सनच्या शंभरांतले सुमारे ८८ रोगी तिने हेरले. याच आजारासाठी त्वचेच्या तेलकटपणावरचे संशोधन चालू आहे आणि त्याची सुरुवात एका बाईच्या नाकातून झाली. स्कॉटलंडातल्या जॉय मिल्न या परिचारिकेला आपल्या नवऱ्याच्या अंगाचा वास बदलल्याचे जाणवले, आणि त्याच्या पार्किन्सनचे निदान झाले ते त्यानंतर सुमारे बारा वर्षांनी. एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी तिला बारा जणांचे अंगातले सदरे हुंगायला दिले. सहाही रोगी तिने ओळखले. निरोगी सहांपैकी एकालाही मात्र रोगी म्हटले. ही एक चूक धरली गेली. आठ महिन्यांनी त्या 'निरोगी' गृहस्थालाही पार्किन्सनचे निदान झाले!

माझे अंग शहारले ते त्या आठ महिन्यांनी. त्या गृहस्थाला कोणी विचारले होते का की, बाबा, तुला आधी कळलेले हवे आहे का?

हा प्रश्न ज्यांनी सर्वांत खोलवर भोगला ती हंटिंग्टन या आजाराची घराणी. आई किंवा बाप, कोणा एकाला तो असला तर मुलाला होण्याचा संभव निम्मानिम्म, नाणे उडवल्यासारखा. अमेरिकेतल्या नॅन्सी वेक्सलरच्या आईला तो झाल्याचे १९६८ मध्ये कळले, तेव्हा नॅन्सी तेवीस वर्षांची होती. ती मानसशास्त्र शिकली आणि व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठी जाऊन राहिली, कारण तिथल्या खेड्यांत हा आजार पिढ्यान्पिढ्या घरोघर आहे. वर्षानुवर्षे तिने तिथल्या लोकांची वंशावळ मांडली, रक्ताचे नमुने गोळा केले. त्या रक्ताच्या आधारे १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावर जनुकाचा माग लागला आणि १९९३ मध्ये जनुकच हाती आले. त्यात तीन अक्षरांची एक ओळ पुन्हा पुन्हा येते. ती चाळीस किंवा अधिक वेळा आली तर आजार होणार म्हणजे होणार. साध्या रक्तावर हे वीस वर्षे आधी सांगता येऊ लागले. आणि मग काय झाले? ज्यांना धोका होता त्यांतल्या बहुतेकांनी ती परीक्षा करून घेतलीच नाही. उपचार नसलेले भविष्य त्यांना नको होते. म्हणून तिथे नियम झाले की, आधी समुपदेशन करायचे, लक्षणे नसलेल्या लहान मुलांची परीक्षा करायची नाही, आणि निकाल तयार असला तरी माणूस अखेरच्या क्षणी नको म्हणू शकतो. आपल्याला काय निघाले, निघाले की नाही, याविषयी नॅन्सी वेक्सलर वर्षानुवर्षे गप्प राहिली. २०२० मध्ये, सत्तरी उलटल्यावर, तिने जाहीर केले की आपल्यालाही तो आजार आहे.

हे मी त्या रात्री आतेभावाला सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पण ते स्वतः ठरवू शकत होते. आईला उद्या आठवणार तरी आहे का?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर दुसऱ्या दिवशी आत्यानेच दिले. आम्ही दोघे कुजबुजताना तिने पाहिले होते. ताक घुसळता घुसळता रवी थांबवून म्हणाली, "माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय हे तुम्हाला कळायच्या आधी मला कळलंय. वर्ष झालं. काय बिघडलंय ते आता कोणीतरी सांगा. मेल्यावर सांगणार आहात का?"

सुई टोचली. सही तिने स्वतः केली, पूर्ण नाव, वडिलांच्या घरचे आडनाव कंसात. पाण्याची नळी दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेली. तीन दिवस तिचे डोके दुखले, आणि आतेभावाने ते तिन्ही दिवस रजा काढून तिच्या उशाशी घालवले. आमिलॉईड खाली, टाऊ वर. निकाल डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितला, सावकाश, दोनदा. ती म्हणाली, "म्हणजे तांदूळ बरा होता."

या आजाराला आता एक नवे औषध आले आहे, अमेरिकेत २०२३ पासून. शिरेतून दर दोन आठवड्यांनी द्यायचे. अठरा महिन्यांच्या चाचणीत औषध न मिळालेल्यांच्या तुलनेत घसरण शेकडा २७ ने मंदावली, थांबली नाही. मेंदूला सूज येण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका असतो. आत्याच्या मेंदूच्या चित्रात बारीक जुन्या रक्तस्रावांच्या खुणा होत्या, म्हणून डॉक्टरांनी तो विचार सोडून दिला. जुनी साधी गोळी चालू आहे. तिने थोडे उजळते, पुढे जाणारे अडत नाही.

एक माझ्यापुरती कबुली देतो. या सगळ्या धामधुमीत वर्गात शिकवताना मला एका कवीचे नाव आठवेना. साठ मुले माझ्या तोंडाकडे पाहत होती. घरी आलो तो थेट ठरवूनच की, आपणही तपासून घ्यायचे. आता पाठीत सुई टोचायचीही गरज उरलेली नाही. टाऊ हे ४४१ मण्यांचे प्रथिन आहे. त्यातल्या २१७ व्या मण्यावर फॉस्फेट चिकटलेले टाऊ रक्तात मोजतात. ते असते एका मिलिलिटरात एका पिकोग्रॅमपेक्षाही कमी, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. लग्नाच्या मांडवात एकच पाहुणा शोधायचा तर एकाने त्याचे मनगट धरावे आणि दुसऱ्याने त्याच्या हाती दिवा द्यावा, मग दिवे मोजावेत. दोन प्रतिपिंडांची ही युक्ती जुनीच, पण आता एकेक दिवा मोजता येतो. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा रक्तपरीक्षेला पहिल्यांदा मान्यता दिली. ४९९ नमुन्यांत, परीक्षेने 'आहे' म्हटलेल्यांपैकी शेकडा ९१.७ जणांत आमिलॉईड खरेच होते; 'नाही' म्हटलेल्यांत शेकडा ९७.३ जणांत नव्हते. काहींच्या बाबतीत परीक्षा 'सांगता येत नाही' एवढेच म्हणाली, आणि प्रयोगशाळेच्या तोंडी हे वाक्य मला फार सभ्य वाटले.

डॉक्टरांनी माझे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या कवीचं नाव नंतर आठवलं का?"

"आठवलं. जिन्यात."

"मग घरी जा." ती मान्यता पंचावन्नच्या पुढच्या, लक्षणे असलेल्या माणसांसाठी आहे, हे त्यांनी समजावले. धडधाकट म्हाताऱ्यांच्या मेंदूतही आमिलॉईड सापडते आणि त्यातले कित्येक शेवटपर्यंत शहाणे राहतात. मूत्रपिंड दुबळे असले तरी हा आकडा फुगतो. "निकाल आला तर तो तुमच्याबरोबर रोज वर्गात येऊन बसेल. सोय आहे का त्याची?" मी निमूट घरी आलो.

आत्याने मात्र निकालाची सोय केली. दोनशे पानी वही आणवली आणि रोज दुपारी एक पान लिहायला घेतले. मागच्या आठवड्यात तिने ती वही माझ्यापुढे टाकली, शुद्धलेखन तपास म्हणून. पहिल्या पानावर भाजणी. तांदूळ चार, डाळ दोन, उडीद एक. आणि खाली जाड अक्षरांत, मोहन एकदाच, घातल्यावर समोर खूण करावी. खुणेसाठी तिने चौकोनही आखला होता. पुढे बँकेचे कागद कुठे आहेत ते, कोणत्या सुनेला कोणती बांगडी ते, दूधवाल्याचा हिशेब. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या. मी तांबडे पेन खिशातून काढलेच नाही.

सातव्या पानावर एकच ओळ होती. दादा गेला, पुन्हा विचारू नये.

"त्याच्याखाली तारीख घाल," आत्या म्हणाली. "मला आठवत नाही."

मी तारीख घातली.